शेतकऱ्याचें कामाचें दफ्तर

शेतीचा धंदा हा कष्टाचा धंदा आहे असें सर्वच म्हणतात. परंतु त्याहूनही तो वेळेचा धंदा आहे, ही गोष्ट तितक्या आग्रहानें सांगितली जात नाहीं. जमीन तीच, बैल तेच, बियाणें तेंच. परंतु एकाची पेर वाफशावर साधली व शेजाऱ्याची आठ दिवस मागें पडली, म्हणजे सुगीच्या वेळीं दोघांच्या खळ्यांत जें अंतर पडतें तें मागाहून टाकलेल्या खतानें भरून निघत नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं शेतीचीं कामें सूर्यनक्षत्रांवर बांधून ठेविलीं तीं याच कारणास्तव. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, २१ जूनच्या सुमारास आर्द्रा लागते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्ताचा पाऊस पडला कीं रब्बी ज्वारीचें चाडें हातांत घ्यावें लागतें. सूर्य एका नक्षत्रांत तेरा-चौदा दिवस राहतो. त्या त्या कामाचा अवधिही बहुधा तेवढाच असतो.

ह्या जुन्या पंचांगांत जीं कामें होतीं तीं बहुतेक शेतांतलींच होतीं. आजच्या शेतकऱ्यावर त्यांखेरीज दुसऱ्या कामांचा मोठा भार पडला आहे. सोसायटीचें पीककर्ज मुदतींत फेडलें तर व्याजांत सवलत मिळते, मुदत टळली तर ती जाते. पीकविम्याचा अर्ज ठराविक तारखेच्या आंत भरावा लागतो. ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करावयाची पद्धत राज्यभर सुरू झाली. ती ई-पीक पाहणी प्रत्येक हंगामांत आठवणीनें करावी लागते, नाहीं तर सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहतो. त्याशिवाय वारसाची नोंद, मोजणीचा अर्ज, विजेची जोडणी, ठिबकाच्या अनुदानाचा प्रस्ताव, मुलांचे दाखले अशीं कामें आहेतच. ह्यांतील एकही काम बैलांनीं होत नाहीं व एकासही नक्षत्र नाहीं.

कष्टांत आमचा शेतकरी कोणास हार जाणारा नाहीं. त्याचें जें नुकसान होतें तें पुष्कळदां आळसामुळें नव्हे, तर काम ज्या दिवशीं करावयाचें त्या दिवशीं तें आठवलें नाहीं म्हणून होतें. ह्यावर उपाय काय, याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दफ्तरांत गेलें. तेथें शेंकडों कागद सांभाळण्याची जी रीत आहे तीच थोड्या फरकानें शेतकऱ्याच्या घरीं चालूं शकते, असा अनुभवान्तीं ग्रह झाला आहे.

आठवण कोठें पुरते व कोठें पुरत नाहीं

पुष्कळांचें म्हणणें असें कीं, आमच्या आज्यानें कधीं वही ठेविली नाहीं, तरी त्याची शेती चालली. हें खरें आहे. परंतु त्याचें कारण पाहिलें पाहिजे. शेतांतलें काम स्वतःची आठवण स्वतःच करून देतें. तण वाढलें तर तें डोळ्यांस दिसतें. गुरांस पाणी नसलें तर तीं हंबरतात. ऊस पाण्यास आला तर त्याचें पान सांगतें. रोज बांधावरून फिरणाऱ्या मनुष्यास अशा कामासाठीं वहीची गरज भासत नाहीं.

कागदाचें काम मात्र मुकें आहे. खुंटीवरच्या पिशवींत पडलेली नोटीस हंबरत नाहीं. कर्जाची मुदत जवळ आली म्हणून पिकाचें पान पिवळें पडत नाहीं. आणि जें काम आपण दुसऱ्याच्या हातांत देऊन आलों, तें तर डोळ्यांआड व मनाआड होतें. म्हणून दिसणाऱ्या कामासाठीं नजर पुरी आहे, न दिसणाऱ्या कामासाठीं लेखणी पाहिजे, हा पहिला नियम समजावा.

कचेरींतील सहा गठ्ठे

महसूल कचेरींत एका कारकुनाच्या मेजावर एका वेळीं शें-दोनशें प्रकरणें असणें ही नवलाची गोष्ट नाहीं. तीं सर्व ध्यानांत ठेवणारा मनुष्य अद्याप जन्मास आलेला नाहीं. म्हणून खात्यानें प्रत्येक कागदास जागा नेमून दिली. मुंबई इलाख्यांत अँडरसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें महसुली हिशेबांची जी पुस्तिका रचली, तिच्यांतील गांवनमुन्यांची मांडणी पुढें झालेल्या फेरफारांसह आजही आपल्या सातबाऱ्यांत व आठ-अ मध्यें दिसते. कारकुनाच्या मेजाची शिस्तही अशीच जुनी असून तिला ‘सहा गठ्ठ्यांची पद्धत’ असें म्हणतात.

टपाल आलें कीं तें प्रथम आवक नोंदवहींत चढतें. तेथून ज्या त्या कारकुनाच्या कार्यविवरणांत जातें. नंतर कागद सहांपैकीं एका गठ्ठ्यांत बसतो. पहिल्या गठ्ठ्यांत ज्यांवर आपणांसच कार्यवाही करावयाची आहे ते कागद. दुसऱ्यांत प्रतीक्षाधीन प्रकरणें, म्हणजे ज्यांवर आपलें काम करून झालें परंतु दुसऱ्या कोणाचें उत्तर यावयाचें आहे तीं. तिसऱ्यांत नियतकालिकें, म्हणजे दर महिन्यास अगर दर तिमाहीस जीं पत्रकें पाठवावयाचीं तीं. चौथ्यांत स्थायी आदेश, म्हणजे वारंवार पाहावे लागणारे हुकूम. पांचव्यांत निकाली निघालेले व अभिलेख कक्षांत जपून ठेवावयाचे कागद. सहाव्यांत मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे कागद. शिवाय दर आठवड्यास गोषवारा काढावयाचा : मागील शिल्लक किती, नवीन आलीं किती, निकाली किती, आतां शिल्लक किती.

ह्या पद्धतीचें मर्म गठ्ठ्यांच्या संख्येंत नसून पहिला गठ्ठा व दुसरा गठ्ठा निराळे ठेवण्यांत आहे. आपण करावयाचें काम आणि दुसऱ्याकडून व्हावयाचें काम हीं एकत्र पडलीं कीं दोन्हींची नासाडी होते. ज्याचें आपल्या हातीं कांहींच नाहीं त्याचीच चिंता मनुष्य करीत बसतो, आणि ज्याची चौकशी करावयास हवी तें ‘दिलें आहे’ म्हणून विसरून जातो.

शेतकऱ्याच्या घरचे सहा गठ्ठे

घरीं ह्यासाठीं फार सामग्री लागत नाहीं. एक दोनशें पानांची जाड वही, तिचे चार भाग. आणि कागद ठेवण्यास कापडाच्या दोन पिशव्या अगर पत्र्याची पेटी. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद अजूनही रुमालांत बांधलेले आहेत. तेव्हां कापडाच्या बासनास कमी लेखण्याचें कारण नाहीं. वहीचे चार भाग व कागदांचे दोन गठ्ठे मिळून सहा झाले.

पहिला भाग, हातचीं कामें. ह्यांत आपण स्वतः अगर आपल्या घरच्यांनीं करावयाचीं कामें लिहावीं. रकाने सहाच असावेत : अनुक्रमांक, नोंदीची तारीख, काम, कोणी करावयाचें, केव्हांपर्यंत, व निकाल. काम लिहितांना ‘विहीर’, ‘बियाणें’, ‘बँक’ असा एकच शब्द टाकूं नये. असा शब्द वाचून हात हलत नाहीं. कारण काय करावयाचें तें त्यांत सांगितलेलेंच नसतें. ‘विहीर’ ऐवजीं ‘मोटार वर काढून फुटलेला व्हॉल्व्ह बदलणें’ असें लिहावें. ‘बँक’ ऐवजीं ‘सोसायटीच्या सचिवाकडून कर्जाच्या शिल्लक बाकीचा उतारा आणणें’ असें लिहावें. वाचतांच पाय कोणत्या दिशेस वळवावा हें समजलें, तरच ती नोंद खरी.

दुसरा भाग, प्रतीक्षेंतील कामें. येथें आणखी दोन गोष्टी अवश्य लिहाव्या : कोणाकडे दिलें, आणि पुन्हां चौकशी कोणत्या तारखेस करावयाची. ह्या भागाविषयीं पुढें स्वतंत्रपणें लिहिलें आहे, कारण सर्व पद्धतीचा प्राण तोच आहे.

तिसरा भाग, ठरल्या वेळचीं कामें. वर्षाचे बारा महिने एकेका पानावर घालावे, व प्रत्येक महिन्याखालीं त्यांतील नक्षत्रें लिहावीं. मग ज्या वेळीं जें करावयाचें तें त्या पानावर एकदां लिहून ठेवावें. मे महिन्यांत बियाण्याची उगवण पाहणें, जूनपूर्वीं बांधांची डागडुजी, खरिपाचें पीक उभें असतांना ई-पीक पाहणी, पावसाळ्यापूर्वीं व नंतर गुरांना लसी, मार्चअखेरपूर्वीं सोसायटीचा भरणा पाहणें, अशीं हीं कामें होत. सरकारी मुदती दरवर्षीं बदलूं शकतात. म्हणून तेथें तारीख न लिहितां ‘मुदत जाहीर झाली काय तें विचारणें’ अशी नोंद घालावी, व तारीख कळतांच ती पहिल्या भागांत उतरवावी.

चौथा भाग, कायमची माहिती. गट क्रमांक, खाते क्रमांक व क्षेत्र. बँकेचा खाते क्रमांक. पंपाची अश्वशक्ति व त्यास लागणाऱ्या वायसराचें माप. कोणत्या फवाऱ्यांत किती पाणी बसतें. गेल्या तीन वर्षांत कोणत्या तुकड्यांत कोणतें पीक घेतलें व तें किती उतरलें. पशुवैद्य, वायरमन, ट्रॅक्टरवाला ह्यांचे दूरध्वनि क्रमांक. हीं माहिती एकदां लिहिली म्हणजे दरवेळीं शोधाशोध होत नाहीं. गुप्त संकेतांक मात्र ह्या वहींत कदापि लिहूं नयेत.

पांचवा गठ्ठा जपून ठेवण्याच्या कागदांचा. महसूल दफ्तरांत कागदांचे वर्ग असतात : अ वर्गाचे कागद कायम, ब वर्गाचे तीस वर्षें, क-१ वर्गाचे दहा वर्षें, क वर्गाचे पांच वर्षें व ड वर्गाचे एक वर्ष ठेवतात. घरीं दोनच वर्ग पुरेत. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराचे उतारे, मोजणीचा नकाशा, न्यायालयाचे निकाल व कर्जफेडीचा बेबाकी दाखला हे कायमचे. त्यांना ओल, वाळवी व उंदीर यांपासून दूर ठेवावें आणि प्रत्येकाचें छायाचित्र मोबाइलमध्यें काढून ठेवावें.

सहावा गठ्ठा मुदतीनें टाकून देण्याच्या कागदांचा. बियाण्याची पावती, पिशवी व तिच्यावरील खूणचिठ्ठी हीं पीक घरांत येईपर्यंत ठेवावींच. उगवण झाली नाहीं म्हणून तक्रार करावयाची वेळ आली तर त्यांवाचून तक्रारीस आधार राहत नाहीं. सुगी संपल्यावर हा गठ्ठा चाळून निरुपयोगी कागद टाकावे. जेथें सारेंच राखून ठेवितात तेथें हवें तें सांपडत नाहीं.

उलट मोजणी

काम केव्हांपर्यंत करावयाचें हें ठरवितांना पुष्कळ लोक शेवटची तारीख लिहितात व तेथेंच चुकतात. कामाची तारीख शेवटाकडून मागें मोजीत आणावी. एक उदाहरण घेऊं. घरचें सोयाबीन बियाणें वापरावयाचें आहे. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून करूं नये असें कृषि खातें सांगतें. म्हणजे ती जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास येईल असें धरावें. त्यापूर्वीं बीजप्रक्रियेचीं औषधें व जिवाणूंचें संवर्धक घरांत पाहिजे. त्यापूर्वीं, बियाणें कमी पडत असल्यास, दुसरें विकत घेतलें पाहिजे. आणि तें कमी पडतें कीं नाहीं हें उगवण पाहिल्यावांचून समजत नाहीं. उगवण पाहण्याची रीत सोपी आहे : न निवडतां घेतलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ओळींनें मांडून गुंडाळी करून ठेवावे, ओल टिकवावी, व सात-आठ दिवसांनीं चांगले मोड आलेले दाणे मोजावे. सत्तर अगर अधिक निघाले तर शिफारशीप्रमाणें एकरीं तीस किलो पेरावें; थोडे कमी निघाले तर त्या मानानें बियाणें वाढवावें; फारच कमी निघाले तर तें बियाणें सोडून द्यावें.

आतां मागें मोजा. चांचणीस आठ दिवस, दुसरें बियाणें शोधण्यास व पैशांची तजवीज करण्यास पंधरा दिवस, औषधें आणण्यास आठवडा. म्हणजे शंभर दाणे गोणपाटांत घालण्याचा दिवस मे महिन्याच्या मध्यावर येतो. मृग लागल्यावर नव्हे. ज्यानें हें काम ‘पेरणीपूर्वीं’ एवढेंच लिहून ठेविलें, तो मृगाच्या दिवशीं दुकानाच्या रांगेंत उभा राहतो व मिळेल त्या भावानें मिळेल तें बियाणें घेतो. कामाची मुदत आणि काम सुरू करण्याचा दिवस ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. वहींत दुसरी लिहावी.

दिलेलें काम म्हणजे झालेलें काम नव्हे

आतां दुसऱ्या भागाकडे वळूं. वारसाच्या नोंदीचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. घरचा कर्ता पुरुष गेल्यावर वारस अर्ज देतात. तलाठी, ज्यांस हल्लीं ग्राममहसूल अधिकारी म्हणतात, ते गांवनमुना सहामध्यें फेरफार धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणें हितसंबंधी लोकांस नोटीस निघते व हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबाऱ्यावर नांवें बदलतात. म्हणजे अर्ज देणें ही चार-पांच पायऱ्यांपैकीं केवळ पहिली पायरी होय. परंतु अर्ज देऊन घरीं आलेला मनुष्य बायकोस सांगतो, ‘नोंदीचें काम करून आलों.’

अशानें काय होतें तें नोकरींत वारंवार पाहण्यांत आलें. एका विधवा बाईनें पतीच्या पश्चात् वारसाचा अर्ज दिला. सोबत एक दाखला कमी होता. तो मागणारें पत्र बाईस मिळालें नाहीं, आणि बाईनेंही विचारलें नाहीं, कारण तिच्या समजुतीनें काम झालें होतें. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षीं पीककर्जासाठीं उतारा काढला तों त्यावर मयताचेंच नांव. कर्जवाटपाचे दिवस थोडे, फेरफारास लागणारे दिवस अधिक. त्या वर्षीं बाईनें खाजगी सावकाराच्या पैशांवर पेरणी केली, व सुगीनंतर खळ्यावरूनच निम्मा माल त्याच्या घरीं गेला. जमीन तिची, हक्क तिचा, कष्ट तिचे. केवळ ‘दाखल्याचें काय झालें’ हा प्रश्न महिन्यानें एकदां विचारावयाचा राहून गेला.

दुसरा प्रकार याच्या उलट. दुसऱ्या कोणी धरलेल्या फेरफाराची नोटीस आपल्या घरीं येते. घरचा मनुष्य शेतांत; सुनेनें ती घेऊन कोनाड्यांत ठेविली. पंधरा दिवस निघून गेले, नोंद प्रमाणित झाली. मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावें लागतें. कलम २५० प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावर अपिलास साठ दिवसांची मुदत आहे. तीही टळली तर विलंब माफ करावा म्हणून आधीं कारणें सांगत बसावें लागतें. पंधरा दिवसांच्या आंत एका साध्या अर्जानें जें झालें असतें, त्यासाठीं पुढें वर्षांमागून वर्षें जातात.

म्हणून प्रतीक्षेंतील प्रत्येक कामासमोर चौकशीची तारीख असलीच पाहिजे. अर्ज दिला तर पोंच घ्यावी; पोंचेवरील क्रमांक व तारीख वहींत उतरवावी. फेरफाराच्या अर्जास पंधरा-वीस दिवसांनीं, मोजणीच्या अर्जास सांगितलेल्या तारखेच्या आठ दिवस आधीं, दुरुस्तीस दिलेल्या मोटारीस तीन दिवसांनीं, उसन्या दिलेल्या पाभरीस पेरणीच्या महिनाभर आधीं, याप्रमाणें तारखा घालाव्या. आणि घरांत एक नियम असावा कीं, कोणताही सरकारी कागद ज्याच्या हातीं पडेल त्यानें तो त्याच सांजेस वहीजवळ आणून ठेवावा व आल्याची तारीख त्यावर लिहावी. कोनाडा म्हणजे दफ्तर नव्हे.

रोजचें, बाजाराच्या दिवसाचें व नक्षत्राचें काम

वही लिहून ठेविली व उघडली नाहीं तर ती न लिहिण्यासारखीच आहे. उघडण्याच्या तीन वेळा ठरवाव्या.

रात्रीं जेवणानंतर पांच मिनिटें : उद्यांचीं तीन कामें पहिल्या भागांतून निवडावीं. तीनच निवडावीं, दहा निवडलीं तर एकही मनाजोगें होत नाहीं. शेतीचा मालक पाऊस असल्यामुळें निवड दुहेरी असावी : उघाड असली तर हीं, पाऊस लागला तर तीं. कोळपणी, फवारणी, मळणी हीं उघाडीचीं. अवजारांचे दांडे बसविणें, दोर वळणें, कागद लावणें, बियाणें निवडणें हीं पावसाचीं. असें लिहिलेलें असलें म्हणजे पावसाचा दिवस ओट्यावर बसून जात नाहीं.

बाजाराच्या आदल्या सांजेस अर्धा तास : आठवड्याचा गोषवारा काढावा. समजा मागील शिल्लक कामें ११, नवीन ६, एकूण १७, निकाली ९, आतां शिल्लक ८. त्यांपैकीं हातचीं ५ व प्रतीक्षेंतील ३. हा हिशेब चार ओळींत होतो, परंतु त्यानें दोन गोष्टी कळतात. शिल्लक आठवड्यामागून आठवडा वाढत असेल तर आपण झेपेल त्याहून अधिक अंगावर घेत आहों. आणि जें काम चार आठवडे शिलकेंत तसेंच आहे, त्याचा निकाल लावला पाहिजे : तें येत्या आठवड्यांत करावें, दुसऱ्यास सोंपवावें, किंवा करावयाचें नाहीं असें ठरवून रेघ मारावी. रेघ मारणें हाही निकालच आहे; कुजत ठेवणें हा मात्र निकाल नव्हे. त्याच वेळीं तालुक्याच्या गांवीं करावयाचीं कामें एका चिठ्ठीवर काढावीं. सोसायटी, कृषि सेवा केंद्र, दवाखाना व कचेरी ह्या चारांसाठीं चार खेपा घालण्यांत जें तेल व जे दिवस जातात ते एका खेपेंत वांचतात. आणि कोणत्या कामास कोणते कागद बरोबर न्यावयाचे हें चिठ्ठीवर लिहिल्यास रिकाम्या हातीं परत यावें लागत नाहीं.

नक्षत्र बदललें कीं एकदां : तिसरा भाग उघडून येत्या दोन नक्षत्रांत काय यावयाचें तें पाहावें, व तीं कामें पहिल्या भागांत चढवावीं. चालू नक्षत्राचें काम आधींच चालू असतें. वही पुढच्याकडे पाहण्यासाठीं आहे.

कांहीं शंका

एक शंका अशी येईल कीं, लिहिण्यास वेळ कोठें आहे? वर सांगितलेल्या सर्व लिहिण्यास आठवड्यांतून एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. कचेरीची एक फुकट खेप वांचली तरी त्याच्या कैक पटीनें परत मिळतो.

दुसरी, मोबाइल असतां वही कशास? मोबाइलची मदत अवश्य घ्यावी. तारखेची घंटा लावण्यास व कागदांचीं छायाचित्रें ठेवण्यास त्यासारखें साधन नाहीं. परंतु मोबाइल एकाच्या खिशांत असतो, वही सर्वांच्या घरांत असते. शेती एका माणसाची नसून घराची आहे. गुरांच्या गाभण्याच्या तारखा, मजुरांचे हजेरीचे दिवस, घरांतलें बियाणें किती उरलें, हें पुष्कळदां घरच्या बाईस अधिक ठाऊक असतें. तिनें तें लिहावें, लिहितां येत नसल्यास शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून अगर मुलीकडून लिहवून घ्यावें. ‘कोणी करावयाचें’ ह्या रकान्यांत घरच्या प्रत्येकाचें नांव आलें, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडत नाहीं. आणि कर्ता मनुष्य अचानक गेला तर मागें राहिलेल्यांना घराचा व्यवहार कोठवर आला होता हें वही सांगते. वर वर्णिलेल्या बाईच्या घरीं अशी वही असती तर तिच्यावर तो प्रसंग कदाचित् आला नसता.

तिसरी शंका उलट बाजूची आहे, व ती आमच्या धंद्याच्या लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. वहीची हौस लागली कीं रंगीत शाईनें रकाने आंखण्यांतच दिवस जातो. सुंदर नोंदवह्या व त्यांखालीं धूळ खात पडलेले कागद, असें दृश्य कचेऱ्यांतून दुर्मिळ नाहीं. वही नांगर धरीत नाहीं व तण काढीत नाहीं. जें काम उठून दहा मिनिटांत होण्यासारखें आहे तें लिहीत बसूं नये, करून मोकळें व्हावें.

आरंभ कसा करावा

ह्यासाठीं पाडव्याची अगर नव्या हंगामाची वाट पाहूं नये. येत्या बाजाराच्या आदल्या सांजेस घरची सर्व मंडळी बसवावीं, व ज्याच्या त्याच्या मनांत जें जें राहिलेलें काम असेल तें, लहानमोठें न पाहतां, एका कागदावर उतरावें. चाळीस-पन्नास कामें निघाल्यास घाबरूं नये. तीं आजवर डोक्यावर होतींच, फक्त मोजलेलीं नव्हतीं. मग प्रत्येकास विचारावें : हें आमच्या हातचें कीं दुसऱ्याच्या? हातचें असेल तर पुढचें पाऊल व नांव घालावें. दुसऱ्याच्या हातचें असेल तर चौकशीची तारीख घालावी. त्या एका सांजेंत अर्धी पद्धत बसते. उरलेले भाग पुढील महिन्याभरांत भरले तरी चालेल.

सर्व करण्यास जमलें नाहीं तर निदान दुसरा भाग तरी ठेवावा. शेतांतलीं कामें शेत आठवून देईल. परंतु दुसऱ्याच्या मेजावर पडलेलें आपलें काम आपल्यावांचून कोणीही आठवून देणार नाहीं. एका वहीची किंमत व आठवड्याचा एक तास एवढ्यावर जमिनीचा हक्क व पेरणीची वेळ सांभाळली जाते. ज्या शेतकरी बंधुभगिनी ही पद्धत एक हंगाम चालवून पाहतील, त्यांनीं आपला अनुभव, विशेषतः आलेल्या अडचणी, मासिकाकडे लिहून कळवाव्या. म्हणजे त्यांचा विचार पुढील अंकांतून करतां येईल.